तोच तोच प्रसंग

पेपरात सिनेमावर लिहितो म्हटलं की लोकांना वाटते हा माणूस मुंबईला प्रेस शो वगैरे पाहत असेल. तसं काही नाही बावा. मी तालुक्याचा प्रतिनिधी. सकाळी कापूस-तुरीचे भाव, दुपारी पंचायत समिती नाहीतर एखादा अपघात, संध्याकाळी कोणाच्या तरी सत्काराची प्रेसनोट, अन् शनिवारी सिनेमाची चौकट. साठ शब्द आणि शेवटी स्टार. जाहिरात आली तर चाळीस शब्द. मोठी जाहिरात आली तर चौकटच उडते, कोणी विचारतही नाही.

या साठ शब्दांत काय पाहिजे ते मला वाचकांनी शिकवलं. सुरुवातीला मी लिहायचो, छायाचित्रण देखणं, पटकथेची पकड सैल, असलं सगळं. एकदा पानठेल्यावर एकानं थांबवलं, म्हणे भाऊ ते पकड-बिकड राहू द्या, बायकापोरं घेऊन जाता येते का अन् मुक्कामी गाडी भेटते का तेवढं सांगत जा. मुक्कामी म्हणजे खेड्यात रात्री मुक्कामाला जाणारी शेवटची एसटी, आमच्या स्टँडवरून नवाला सुटते. गेली की गेली, मग कोणाच्या ओट्यावर झोपा. डिसेंबर २०२४ मध्ये पुष्पाचा दुसरा भाग आला, तीन तास वीस मिनिटांचा, तर मी पहिलीच ओळ लिहिली, 'सहाचा शो पाहाल तर मुक्कामी गाडी गेली समजा, तीनचा पाहा.' पेपरच्या नागपूर डेस्कवरून फोन, हे काय समीक्षण झालं का? म्हटलं साहेब, इकडे हेच समीक्षण. तिकडे वैनगंगेच्या पट्ट्यात, वडसा-देसाईगंजकडे, झाडीपट्टीची नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, लांब झालं म्हणून कोणी कुरकुर करत नाही, कारण रात्रभर बसायचं हे ठरवूनच माणूस घरून निघते. म्हणजे सिनेमा लांब की आखूड हे गाडीवर आहे.

छावावर लिहिलं, 'शेवटचा भाग लहान लेकरांना दाखवण्यासारखा नाही, पण लेकरंच बापाला ओढून नेऊन राह्यले, तुमचं तुम्ही पाहा.' लापता लेडीजवर, 'बदललेल्या नवऱ्या, हसता हसता डोळे पुसाल, सासूला सोबत न्या.' जवानवर लिहिलं होतं, मारामारी नेहमीची, पण ट्रॅक्टरच्या कर्जाचा सीन आला तेव्हा आमच्या टॉकीजमधली शिट्टी बंद झाली. ही ओळ लोकांनी कापून ठेवली म्हणतात. खरं सांगतो, तेव्हापासून मला थोडं चढलंच होतं. वाटायचं, आपल्याला लोकांची नाडी सापडली.

तर तो शनिवार. ८ मार्च २०२५.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, स्थळ नावाचा मराठी सिनेमा लागला होता. जयंत सोमलकरचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात केलेला, गावातल्याच माणसांना घेऊन, ज्यांनी आधी कॅमेऱ्यासमोर काम केलेलं नाही अशा. भाषा आपली, शेतं आपली, कापूस आपला. २०२३ साली टोरोंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक हा आशियाई सिनेमांसाठीचा पुरस्कार मिळाला होता म्हणून मला माहीत होता. पण आमच्या टॉकीजला छावाचा चौथा आठवडा सुरू, तो कोण काढते? मग मीच वणी, घुग्घुस करत एसटीनं चंद्रपूर गाठलं. दुपारचा शो, सगळे मिळून वीसेक माणसं, त्यातले दोघं एसीसाठी आलेले, सुरू झाल्यावर झोपले.

गोष्ट सांगायला सोपी आहे. सविता नावाची पोरगी, कॉलेजात शिकते, पुढं परीक्षा द्यायच्या आहेत, बाप कापसाचा शेतकरी, भाव पडलेला, आणि पोरगी पाहाले पाहुणे येतात. पोहे, चहा, खाली मान, नाव काय, उंची किती, शिक्षण काय, शेतीची कामं येतात का. पाहुणे जातात. मग नवे येतात. पुन्हा नाव काय, उंची किती. सुरुवातीलाच एक उलटा सीन आहे, त्यात बाया बसल्या आहेत अन् पोराला प्रश्न विचारून राहिल्या आहेत, त्यावर हॉलमधली एक आजी अशी खळखळून हसली की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं.

मला आवडला. पण पाहुणे परत आले तेव्हा मी घड्याळात पाहिलं, हेही खरं. परतीची गाडी होती.

शनिवारी ऑफिसात म्हणजे जत्रा. महिला दिन. टेबलावर प्रेसनोटांचा ढीग, कर्तबगार महिलांचा सत्कार, साडीचोळी देऊन गौरव, रांगोळी स्पर्धा, पाककला स्पर्धा, आणि प्रत्येक फोटोत मधोमध पुढारी अन् दोन्ही बाजूनं बाया. आमच्या ऑपरेटर ताई सकाळपासून खट खट करून टाईप करत होत्या. ताई म्हणजे माझ्याहून लहानच, तिशीच्या आसपास, पण ऑफिसात सगळे ताई म्हणतात. हात इतका चालतो की मी बोलतो अन् त्या टाईप करतात, माझा श्वास संपायच्या आधी त्यांची ओळ संपते. सहा वर्षांत माझी कॉपी टाईप करताना त्यांनी शुद्धलेखनाशिवाय कशावर काही विचारलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी त्यांचा सुटीचा अर्ज माझ्याकडे आला होता, सोमवारची सुटी, कारण 'घरगुती काम'. रजा माझ्याच हातून पुढं जाते. मी सही केली पण कुरकुर केलीच, की ताई दर महिन्याला काय घरगुती काम निघते हो तुमच्याकडे, सोमवारी कापसाचं पान असते. त्या काही बोलल्या नाहीत. 'हो भाऊ,' एवढंच.

साडेचारला मी चौकट सांगायला बसलो. नागपूरहून आधीच निरोप होता, महिला दिनाच्या जाहिराती आहेत, चाळीस शब्दांत आटपा. मी सुरू केलं. 'आपल्या मातीतला, आपल्या बोलीतला सिनेमा. अभिनय केलाय असं वाटतच नाही. मात्र पोरगी पाहण्याचा तोच तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, पुनरावृत्ती टाळून पंधरा मिनिटं कापली असती तर...'

खटखट थांबली.

'भाऊ, तोच तोच म्हणजे कोणता?'

म्हटलं पोरगी पाहाले येतात तो.

'किती खेप येते?'

'चार असेल. पाच असेल. मोजलं नाही.'

'बस?' म्हणाल्या अन् हसल्या. चिडून नाही. आपल्याकडे कोणी भाव विचारला अन् फारच कमी सांगितला तर जसं हसतो तसं.

मग त्यांनी खुर्ची फिरवली अन् म्हणाल्या, 'मले सतरा जण पाहून गेले. सोमवारी अठरावा येते.'

मी काय बोलणार? समोरचा अर्ज दिसत होता, घरगुती काम. मागच्या सगळ्या महिन्यांतले अर्ज डोळ्यांसमोरून गेले, त्यातल्या दोनवर मी 'कामाचा ताण आहे' असा शेराही मारला होता.

त्या सांगत गेल्या, मधेच फोन आला तर घेत होत्या, जाहिरातवाल्याला साईज सांगत होत्या, परत सांगत होत्या. म्हणे आमच्या बाबांची एक वही आहे, शेतीच्या हिशोबाची. त्यात वेचाई, फवारणी, खताच्या बॅगा, अन् मधेमधे 'पाहुणे'. मोबाईलवर त्यांनी काढलेला एका पानाचा फोटो होता, तो दाखवला. निळ्या पेनानं, अक्षर तिरपं. निंदण, सहा बाया. युरिया, दोन बॅगा. त्याखाली, पाहुणे, वरोऱ्याचे, पोहे दीड किलो, शेंगदाणे, दूध दोन लिटर, फरसाण, मध्यस्थाला पेट्रोल. अन् पुढं कंसात एक शब्द, 'कळवतो'. म्हणजे पाहुणे म्हणाले कळवतो.

'सतरा खेप कळवतो लिहिलं आहे?' मी विचारलं.

'नाही, दोन ठिकाणी उंची लिहिलं आहे. एका ठिकाणी नोकरी. त्याईले वाटते पोरगी ऑफिसात जाते म्हणजे डोक्यावर बसन.' मग म्हणाल्या, 'अन् भाऊ, दर खेपेले सेमच असते ना. तेच प्रश्न, तेच पोहे. उंची काय दोन महिन्यात वाढते काय? पण सांगा लागते. मी तर आता प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देतो अशी सवय लागली, तर आई म्हणते हळू सांग, तोंडपाठ वाटते.'

त्या बोलण्यात कुठं रडणं नव्हतं. उलट तेव्हाच चहावाला पोट्टा आला, तर त्याला म्हणाल्या साहेबाले बिनसाखरेचा दे, त्यांची शुगर वाढली.

कापसाचंही सांगितलं. घरात पंचवीसेक क्विंटल भरून ठेवला आहे. त्या हंगामात, २०२४-२५ ला, लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, पण तो सरकारी केंद्रावर, ओलावा-बिलावा सगळं जमलं तर, व्यापारी तर त्याच्या खालीच मागते. बाप म्हणते लग्न जुळलं की विकू, तोवर भाव तरी वाढन. लग्नही जुळत नाही अन् भावही वाढत नाही, अन् कापसाच्या खोलीत झोपलं की अंगाला खाज सुटते ती वेगळीच. मी तीन वर्षांपासून दर आठवड्याला कापसाचे भाव छापतो, अन् तो कापूस दोन टेबलं सोडून बसणाऱ्या बाईच्या लग्नासाठी घरात पडून आहे हे मला माहीत नव्हतं. तालुक्याची नाडी म्हणे.

पाचला डेस्कचा फोन. चौकट कुठं आहे? मी ताईंना म्हटलं, ते पुनरावृत्तीचं वाक्य काढा. त्या म्हणाल्या, 'काहून? तुमाले लांब वाटला तर लिहा ना. मी कुठं पाहिला आहे?' बरोबरच होतं ते. मला दयेपोटी मत बदलायचं नव्हतं, असं केलं तर समीक्षा म्हणजे सत्काराची प्रेसनोटच होते. म्हणून बसून विचार केला, की नेमकं कुठं मला लांब वाटलं? सिनेमा आठवून पाहिला. दुसऱ्या पाहुण्यांच्या वेळी मी हसत होतो. नंतर मात्र प्रश्न सुरू व्हायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं अन् वाटत होतं, झालं ना आता, कळलं, पुढं चला. अन् त्याच वेळी पडद्यावर ती पोरगी तशीच खाली मान घालून बसलेली. तिला पुढं चला म्हणता येत नाही. मला वैताग आला तो सिनेमानं मुद्दाम आणलेला होता, अन् मी त्याचं बिल दिग्दर्शकाच्या नावानं फाडत होतो. त्यात अर्धा वैताग तर सव्वापाचच्या एसटीचा.

शेवटी हे गेलं, 'आपल्या बोलीतला, आपल्या माणसांचा सिनेमा. पाहुणे येतात, तेच प्रश्न विचारतात, जातात, परत येतात. तुम्हाला कंटाळा येईल. उठू नका, तिलाही उठता येत नाही. पोरगी पाहायला जाणाऱ्यांनी आधी हा पाहावा. चार स्टार.' ताईंनी टाईप केलं, एकदा वाचलं, 'कंटाळा' मधला ळ नीट केला अन् मेल मारला. बोलल्या काहीच नाहीत.

रविवारी पेपर आला. साडीच्या सेलची जाहिरात वाढली होती, त्यामुळे डेस्कनं चौकट अजून छाटली. छापून आलं ते असं, 'आपल्या बोलीतला, आपल्या माणसांचा सिनेमा. तुम्हाला कंटाळा येईल. चार स्टार.'

दिवसभर फोन. एक म्हणे भाऊ कंटाळा येते तर चार स्टार काहून दिले, पैसे घेतले काय? एक म्हणे आपल्या तालुक्यात केव्हा लागते? तो लागलाच नाही. पानठेलेवाला म्हणाला, जाऊ द्या, छपाईची चूक असन.

मंगळवारी ताई आल्या. मी सोमवारचं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात अर्धी सुटी घेऊन त्या आईला घेऊन चंद्रपूरला गेल्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण टेबलावर दोन तिकिटं ठेवलेली होती, कळत नकळत दिसतील अशी. मी विचारलं, कसा वाटला?

'लवकर संपला,' म्हणाल्या.

'अन् आईला?'

'आई म्हणे सोमवारचे पाहुणे यापेक्षा बरे होते.' मग स्क्रीनकडे वळल्या अन् म्हणाल्या, 'सांगा, कापसाचे भाव सांगा, डेस्कवाले बोंबलून राह्यले.'

एप्रिलात परत त्यांचा अर्ज आला. एक दिवसाची रजा. कारणासमोर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'पाहुणे, एकोणिसावे.' मी सही केली, अन् तो कागद नागपूरला तसाच पाठवून दिला.