नवसागर उडतो तेव्हा

1986 साली मी नववीत होते. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर 'संप्लवन' असा शब्द लिहिला आणि तो धड उच्चारतानाच वर्गाची दमछाक झाली. स्थायू पदार्थ द्रव न होता थेट वायू होतो, ही व्याख्या आम्ही वहीत उतरवली. मग सरांनी रेती आणि नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, एकत्र करून चिनीमातीच्या बशीत घेतलं, वर नरसाळं पालथं घातलं, नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा लावला आणि खाली स्पिरिटचा दिवा पेटवला. पांढरा धूर उठला. नरसाळ्याच्या आतून पांढरा थर धरला, रेती मात्र बशीतच राहिली.

मी न राहवून म्हणाले, "सर, हा तर आमच्या घरचा धूर!"

आमचं घर नाशिकच्या भांडी बाजाराजवळ. आजोबा कल्हई करायचे. तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की भपकन पांढरा लोट उठे, नाकात झिणझिण्या येत, आणि कथील चकाकत पसरे. आजोबा म्हणत, "नवसागर उडाला की हात चालव." सरांनी हे ऐकलं आणि खडू पुन्हा हातात घेतला. म्हणाले, "तुझ्या आजोबांचा शब्द आणि पुस्तकातला शब्द एकच आहे."

पुढची वीस मिनिटं विज्ञानाची होती की संस्कृतची, मला आजही सांगता येत नाही. संप्लवन म्हणजे सम् अधिक प्लवन, मूळ धातू 'प्लु': तरंगणं, उडी घेणं. प्लव म्हणजे तराफा. प्लवग म्हणजे उड्या घेत जाणारा, म्हणून वानर आणि बेडूकही. संप्लव म्हणजे पूर. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'संप्लुतोदके' येतं ते याच धातूवरून. "गोदेला पूर आला की पाणी कुठवर चढलं ते आपण दुतोंड्या मारुतीवरून बघतो," सर म्हणाले. "तिथे संप्लवही आहे आणि प्लवगही!" त्या पावसाळ्यात घाटावर गेले तेव्हा मारुतीकडे किती तरी वेळ बघत उभी राहिले होते.

'सब्लिमेशन' या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ 'उंच नेणे'. किमयागार भांड्याच्या तळाशी पदार्थ तापवत आणि वर जमलेला थर खरवडून घेत. त्यांच्या नजरेत भरलं ते वर चढणं. आपल्या रसशास्त्रातही पाऱ्याचं ऊर्ध्वपातन आहे, खालच्या मडक्यातून वरच्यात. हिंदीत आजही संप्लवनाला ऊर्ध्वपातन म्हणतात, मराठीत मात्र तो शब्द पाणी उकळून, वाफ थंड करून शुद्ध करण्याकडे गेला. इंदूरला नोकरीला असताना या एका शब्दावरून माझा आणि सहकाऱ्याचा तासभर घोळ चालला होता. मला आपला शब्द जास्त आवडतो. त्यात मधली पायरी गाळून घेतलेली उडी दिसते. घरात तरी आपण दुसरं काय म्हणतो? कापूर उडून जातो. उडू नये म्हणून डबीत मिरे टाकतो.

कॉलेजात कळलं की नवसागराची गोष्ट जरा वेगळी आहे. तापल्यावर तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत फुटतो आणि थंड होताना ते पुन्हा एकत्र येऊन पांढरी पूड होते. कल्हईचं मर्मही त्यातच आहे: तो आम्लवायू तांब्यावरचा काळा थर खातो आणि उघड्या झालेल्या तांब्याला कथील धरतं. सुट्टीत नाशिकला आले ती धावत सरांच्या घरी गेले. आपण शिकवलेलं कुणी दुरुस्त करतंय याचं त्यांना वाईट वाटेल, अशी भीती होती. सरांनी सगळं दोनदा समजावून घेतलं, चप्पल घातली आणि म्हणाले, "चल, आजोबांना सांगू."

आजोबा भट्टीपुढेच होते. भाता न थांबवता त्यांनी ऐकलं. मग पातेलं फडक्यानं पुसत म्हणाले, "म्हणजे तो परत येतो. तरीच छपराला पांढरं धरतं."

सरांनी मान वर केली आणि आम्ही तिघंही छपराकडे बघू लागलो.