कळशीवरचे नाव

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर पाचवी 'ब'चा वर्ग उभा राहिला. बाके व्हरांड्यात काढलेली, फळ्यावर आदल्या दिवशीचा सुविचार तसाच, आणि खाली चटयांवर पुरातून आलेली, दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या चावडी बाजारातली, सादोळशे गावाच्या बाजूची माणसे. मी तेव्हा नववीत होतो.

२ ऑक्टोबर २००९. शुक्रवार, गांधी जयंतीची सुट्टी. दसरा होऊन चारच दिवस झालेले, भात कापणीला आलेले. पाऊस जाता जाता एकदा झोडपून जातो, हे आम्हा काणकोणकरांना नवीन नव्हते. पण त्या दिवशी डोंगरात जे कोसळले ते आमच्या आजोबांनीही पाहिले नव्हते. बंगालच्या उपसागराकडून सरकलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने त्याच दिवसांत तिकडे कुर्नूल आणि मंत्रालयम बुडवले, उत्तर कर्नाटकात गावेच्या गावे पाण्याखाली घातली. आमच्याकडे त्याने डोंगरांच्या दरडी सोडवल्या. तळपण नदी मुळांसकट झाडे घेऊन खाली आली. पाणी लालभडक होते. बघता बघता चावडीचा बाजार बुडाला आणि हमरस्ता बंद झाला.

शाळा टेकाडावर म्हणून वाचली. हेडसरांनी कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. स्वतः येऊन कुलपे उघडली. मराठीच्या बाईंचे घर पाण्यात होते, तरी त्या ओल्या साडीने आमच्याआधी शाळेत हजर. माध्यान्ह आहाराची मोठी पातेली बाहेर निघाली आणि रात्री सगळ्यांना उकड्या तांदळाची पेज मिळाली, सोबत कुणीतरी डोक्यावरून वाचवून आणलेल्या बरणीतले तोर, म्हणजे मिठातल्या कोवळ्या कैऱ्या. तळपणच्या रापणकारांनी, किनाऱ्यावरून जाळी ओढणाऱ्या मच्छीमारांनी, होडी टेम्पोत घालून आणली आणि माडीवर अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना खाली उतरवले. समुद्रातली माणसे ती, पण नदीचे असे धावते पाणी त्यांनाही नवे होते. एकाचा हात पत्र्याने कापला, तो त्याने फडक्याने बांधला आणि परत वल्हे धरले. पुढे चाळीसच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, फयान वादळ आले आणि त्यांतल्या दोघांच्या होड्या फुटल्या. तेव्हा चावडीवरून फारच थोडे लोक त्यांच्या दारी गेले. याचे मला आजही वाईट वाटते.

वाईटही लिहायला हवे, नाहीतर हे मनोगत खोटे ठरेल. वीज नव्हती. दोन रुपयांची मेणबत्ती एका दुकानदाराने दहाला विकली. त्याच माणसाने त्याच रात्री आपली पिकअप काढून एका बाळंतिणीला दरडीच्या अलीकडेपर्यंत नेले आणि पैसे घेतले नाहीत. ही दोन माणसे एकच कशी, याचा विचार मी गेली कित्येक वर्षे करतो आहे.

मग करमल घाटातून मदतीचे ट्रक यायला लागले, तलाठी पंचनाम्याला फिरू लागले, आणि गावाचा रंग बदलला. पुराचे पाणी भिंतीवर एक सरळ रेघ सोडते. गवंड्याने दोरी धरून मारावी तशी. आमच्या वाड्यावर एका घरात पाणी शिरलेच नव्हते, तरी तिथे कमरेइतक्या उंचीवर चिखल होता. जवळ जाऊन पाहिले तर त्यात बोटे उमटलेली. त्या घरात खायला होते, कमावते दोन मुलगे होते. खरे नुकसान झालेली विधवा मात्र दोन दिवस रांगेत मागेच राहिली, कारण तिला पुढे ढकलणारे कुणी नव्हते.

आता माझे. रविवारी पाणी उतरल्यावर आम्ही मुले कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळींच्या बागेच्या, कडेला फिरत होतो. चिखलात नारळ, चपला, एक सिलिंडर. मला तांब्याची कळशी सापडली. काठावर नाव कोरलेले होते, खाली लग्नाचे साल १९७१. नाव ओळखीचे नव्हते. मी ती घरी आणली. आईने काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. चिंच आणि मीठ लावून तिने ती घासली, लखलखीत केली आणि पलंगाखाली सरकवली. आमच्या स्वयंपाकघरातलीही निम्मी भांडी वाहून गेली होती, हे खरे. पण ती कळशी आमची नव्हती, हेही आम्हा दोघांना ठाऊक होते.

सोमवारी बाईंनी मला वर्गात याद्या लिहायला बसवले. अक्षर बरे होते म्हणून. माणसे येत, काय गेले ते सांगत, मी लिहीत असे. दुपारी एक म्हातारी आली. भात गेले, गोठा गेला, कपाट गेले, हे तिने एका दमात सांगितले. मग थांबली आणि म्हणाली, "एक कळशी. बरय पुता, तांब्याची." नाव विचारले. तिने नवऱ्याचे नाव सांगितले.

मी लिहिले, कळशी १. माझा हात थरथरत होता. बाई शेजारी उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी कळशी गोणपाटात गुंडाळून आणली आणि सापडलेल्या वस्तूंच्या ढिगात ठेवली. दुसऱ्या दिवशी म्हातारीला बोलावून घेतले. तिने कळशी उचलली, काठावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, मग तिची चमक पाहून थबकली. चिखलातून आलेली वस्तू इतकी स्वच्छ कशी? तिचे डोळे भरून आले.

"कोणें तरी घासून दवरल्या गो बाय," ती बाईंना म्हणाली. "देव बरें करूं ताचें."

मी मान वर केली नाही. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाल्या, "पुढचे नाव लिही."