२०० उड्डाणांनंतर: लायपो, ग्लो आणि पेट्रोलचा हिशेब

आज माझ्या रिमोटवर उडणाऱ्या इलेक्ट्रिक मॉडेल विमानाचं २०० वं उड्डाण वहीत चढलं. ते लायपोवर, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीवर उडतं. ग्लो (मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन) आणि पेट्रोलच्या विमानांची पानं आधीपासून आहेतच, त्यामुळे आता तिघांचा खर्च शेजारी शेजारी मांडता येतो.

विजेचं आधी सांगतो, ते चटकन संपतं. बॅटरीचा पॅक ६ एस, म्हणजे ओळीने जोडलेले सहा सेल, ५००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर) क्षमतेचा. ८० टक्क्यांच्या पुढे जायचं नाही हे पथ्य पाळलं, तर एका उड्डाणाला ४००० मिळतात. माझ्या हातून ते ६ मिनिटांत संपतात, म्हणजे सरासरी ४० अँपिअर. त्या ४००० एमएएचना, म्हणजे ४ अँपिअर-अवरना, २२.२ व्होल्टने गुणलं की ८९ वॉट-अवर. चार्जरमधलं नुकसान धरलं तरी युनिटचा एक दशांश. एका युनिटात नऊ-दहा उड्डाणं!

खर्च होतो तो पॅकच्या झिजेत. माझ्याकडे तीन पॅक होते. पहिल्याची ८८ उड्डाणं झाली, दुसऱ्याची ८१. तिसरा ३१ वर गेला, आणि चूक माझीच. उडवायला जायचं म्हणून पूर्ण चार्ज केला, पाऊस लागला आणि तो सेलमागे ४.२ व्होल्टवर दोन आठवडे पडून राहिला. काढला तेव्हा मधला भाग उशीसारखा फुगलेला. तो ९० पर्यंत टिकला असता, तर त्याचा दर उड्डाणाचा खर्च जवळपास एक तृतीयांश झाला असता. आता बेत रद्द झाला की त्याच संध्याकाळी ३.८५ वर आणून ठेवतो.

झीज हवेतही कळते. पहिल्या पॅकचा अंतर्गत रोध नवा असताना सेलमागे २.५ मिलिओहम होता, आता ६ आहे. सहा सेलचे मिळून ३६. फुल थ्रॉटलला ८० अँपिअर ओढले की २.९ व्होल्ट आतच जिरतात, पूर्वी १.२ जिरायचे. होव्हरमधून, म्हणजे नाक वर करून हवेत स्थिर असताना, सरळ वर काढताना पूर्वी विमान सुटायचं, आता आधी क्षणभर लटकतं. बॅटरी म्हातारी झाल्याची यापेक्षा स्पष्ट खूण मला माहीत नाही.

ग्लोमध्ये सगळा खर्च बाटलीत. १० सीसीचं टू-स्ट्रोक १० मिनिटांत २८० मिली पितं. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि २० टक्के तेल. म्हणजे प्रत्येक उड्डाणाला ५६ मिली तेल, आणि त्यातलं बरंचसं सायलेन्सरमधून पंखाखाली येऊन बसतं. पुसायला लागणारा वेळ खर्चात धरावा, असं मला मनापासून वाटतं. तरी एरंडेलाचा तो वास आला की हात आपोआप स्टार्टरकडे जातो.

पॅकची झीज धरली, तर पेट्रोल चालवायला सगळ्यात स्वस्त. ३० सीसी, विमानही मोठं, तरी १० मिनिटांना २५० मिली. ३० भाग पेट्रोलला १ भाग तेल अशा मिश्रणात तेल जेमतेम ८ मिली. मात्र थरथरीने सर्वोचे (विमानाचे रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) गिअर आणि स्क्रू ढिले होतात, म्हणून दर दहा उड्डाणांनी सगळे तपासतो. शिवाय टाकी रिकामी होईल तसा तोल सरकतो, आणि नाइफ-एजमध्ये, म्हणजे विमान कुशीवर उडवताना, शेवटच्या मिनिटांत रडर-एलिव्हेटरचं मिक्सिंग (रडरबरोबर एलिव्हेटर आपोआप किती हलवायचा ते) वेगळं लागतं. लायपोचं वजन पहिल्या लूपपासून उतरेपर्यंत तेच. अचूक पॅटर्नच्या (ठरलेल्या कसरतींच्या) सरावाला मी म्हणूनच इलेक्ट्रिक नेतो, आणि दिवसभर उडवायचं असेल तर पेट्रोल.

पहिला पॅक ७ मिलिओहमला पोचला की निवृत्त करणार. पुढची नोंद तेव्हा.