मोहनापाशी थांबायचं

मे महिन्यातला शनिवार. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये चाळीस माणसांचं केळवण होतं आणि गोडाचं काम माझ्याकडे होतं. आमरस नको, श्रीखंड नको, 'वेगळं काहीतरी, पण आंब्याचंच' अशी नवरीच्या आईची फर्माईश. मी क्रम्बल सुचवलं. फॉइलच्या वाटीत खाली हापूसच्या फोडी आणि वर मैदा, बटर, साखरेचा भुरभुरीत थर, ओव्हनमध्ये खरपूस भाजलेला. संध्याकाळी सातला पोचवायचं होतं.

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या घरूनच ऑर्डरी घेते. एक ओटीजी, म्हणजे छोटा ओव्हन, एक फ्रीज, आणि हाताशी आमच्या मावशी. मावशी माझ्याकडे चार दिवाळ्या फराळाला आहेत. त्यांच्या शंकरपाळीला लेयर सुटतात तशा माझ्या अजून सुटत नाहीत, हे आधीच कबूल करते.

हिशेब साधा होता. वाटीला 40 ग्रॅम वरचा थर, म्हणजे चाळीस वाट्यांना 1 किलो 600 ग्रॅम. मैदा 600, ओट्स 200, साखर 400, बटर 400. कोरडं पीठ दोन भाग, बटर एक, साखर एक, असं वजनाचं प्रमाण लक्षात ठेवलं की पुस्तक उघडावं लागत नाही. बटर खारं होतं, त्यामुळे मीठ वेगळं नाही. हे मिश्रण पहाटे करायचं, कारण बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास पातळ होतं आणि मेमधलं आमचं स्वयंपाकघर अकरा वाजताच तिथे पोचलेलं असतं. पहाटे करून फ्रीझरमध्ये टाकलं की दिवसभराची काळजी मिटते.

घोटाळा आंब्यांनी केला. पेंढ्यातली पेटी उघडली तर निम्मे आंबे अजून हिरवट. क्रम्बलला आंबा फार पिकलेला नको, पण आंबट तर मुळीच नको. मी पिशवी घेऊन जांभळी नाक्याला पळाले. जाताना मावशींना सांगितलं, "बटरचे थंड तुकडे पिठात चोळून ठेवा, मोहनासारखं."

मोहनासारखं म्हटलं, तिथेच माझं चुकलं. मोहन चोळून झालं की पुढे काय करतात हे मावशींच्या हातांना तीस वर्षं पाठ आहे.

परत आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. ओट्यावर ओल्या फडक्याखाली गुळगुळीत गोळा.

"ताई, मस्त मळून ठेवलंय. कोरडं कोरडं होत होतं, म्हणून चार चमचे दूध घातलं."

मी फडकं उचललं, परत झाकलं. बोलले काहीच नाही. मावशींना तेवढ्यावरून कळलं.

"बिघडलं का?"

बिघडलं होतं, पण चूक त्यांची म्हणता येईना. करंजीचं पीठ भिजवताना आपण मोहन चोळतो, मूठ आवळून मुटका वळतोय का बघतो, आणि मग दूध किंवा पाणी घालतो. क्रम्बल म्हणजे त्या मुटक्यापाशी थांबणं. तिथवर बटर पिठाच्या कणाकणाला चिकटलेलं असतं, पाण्याला आत शिरकाव नसतो, म्हणून भाजल्यावर ते खुसखुशीत होतं. दूध पडलं, वर मळलं, की मैदा चिवट व्हायला लागतो आणि भुगा राहत नाही, कणीक होते. हे इतकं सरळ 'मुटका वळला की थांबा' असं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

नवं करावं तर बटर दुकानात होतं, पण आता पहाट नव्हती. मी एक मूठभर मिश्रण करून पाहिलं. बोटांच्या उबेनेच बटर तेलकट झालं आणि पिठाचा लगदा. मग आठवली किसणी. गार, घट्ट बिस्किटाचं पीठ किसून थर देतात, हे मी पूर्वी एकदा टार्टसाठी केलं होतं.

गोळ्याचे चार भाग केले, प्रत्येक भाग हाताने इंचभर जाडीचा थापला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये. जागा करायला आइस्क्रीमचा डबा शेजारच्या काकूंकडे रवाना झाला. दोन तासांनी वड्या अशा कडक की ओट्यावर आपटल्या तर वाजाव्यात.

किसायचं काम घाईचं. हातात धरलेली बाजू मिनिटभरात मऊ पडते, म्हणून वडी फडक्यात धरली. किसणीची जाड बाजू, खाली आधीच गार केलेलं ताट. अर्धी वडी मी, अर्धी मावशी, आणि किस पातळ पसरून लगेच आत. पाऊण तासाने ताट बाहेर काढून हलवलं तर किस खुळखुळला. हिवाळ्यात घरी मटार गोठवताना आधी ताटात सुटे करून मग पिशवीत भरतो ना, तेच गणित. सरळ पिशवीत भरलं असतं तर पुन्हा गोळाच मिळाला असता.

दरम्यान फोडींना थोडी साखर आणि कॉर्नफ्लोअर चोळलं. आंब्याला पाणी सुटतं, ते आटलं नाही तर वरचा थर खालून भिजतो. किस गोठलेलाच फोडींवर टाकला. इथे वितळवत बसायचं नाही. थंड बटर पातळ होण्याआधीच कडा शेकायला लागतात आणि थर आपला आकार धरून राहतो. ओटीजी 180 अंशांवर, एका वेळी दहा वाट्या, पंचवीस मिनिटं. चार घाणे.

दुसऱ्या घाण्याच्या वेळी मावशींनी विचारलं, "हे असलं अर्धवट पीठ काढलं कोणी?" मी म्हटलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात हे घरोघरी पोचलं. 1940 मध्ये तिकडे बटर आणि साखर रेशनवर गेली. 'पाय' (pie), म्हणजे पिठाच्या पारीत फळं भरून भाजतात तो पदार्थ, त्याचं आवरण लाटायला परवडेना, मग थोडक्यात भागवायचं म्हणून फळांवर भुगा.

"रेशनवर बटर मिळायचं?" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे पामतेलाला रांग लागायची."

साडेचारला शेवटचा घाणा निघाला. झाकणं लगेच लावू दिली नाहीत. गरम वाटीवर झाकण बसलं की वाफ वरच्या थरावरच उतरते आणि सगळी मेहनत ओली होते. पंख्याखाली अर्धा तास. मग रिक्षा, कापूरबावडीचा नेहमीचा चक्का जाम, मांडीवर दोन खोके. पावणेसातला पोचले.

किसाचा थर माझ्या नेहमीच्या भुग्यापेक्षा कडक झाला होता, दुधामुळेच. मी गप्प राहिले. नवरीच्या मावशीने पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, "अगं, वर शंकरपाळी लागतेय!" तक्रार की कौतुक, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या आठवड्यात साखरपुड्याची ऑर्डर आली तेव्हा कळलं. "तसंच कुरकुरीत हवं, केळवणातलं."

आता माझ्या फ्रीझरमध्ये कच्च्या थराच्या दोन पिशव्या असतात, हवा काढून, तारीख घालून. दोन-तीन महिने छान राहतात. लेबलं मावशींच्या अक्षरात आहेत. एकीवर 'मोहन'. दुसरीवर 'मोहन, चुकलेलं'.