दुकानाच्या उजेडात सगळेच कॅमेरे चांगले

नवशिक्या माणसानं कॅमेरा घेताना काय बघावं यावर ढीगभर सल्ले मिळतात. दुकानदाराकडून तो चालू करवून कसा घ्यावा, हे कुणी सांगत नाही. माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

2019 सालची गोष्ट. निवड दोन नावांवर आली होती आणि दोन्ही कॅननचेच होते. एक पॉवरशॉट एसएक्स 740 एचएस, 40 पट झूमवाला. दुसरा जी7 एक्स मार्क टू, झूम जेमतेम 4.2 पट, पण सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकती, मोठा. आमचे धाकटे दीर रविवारी सकाळी आमच्या इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी बघायला जातात, त्यामुळे त्यांचा कौल झूमला. "वहिनी, पलीकडच्या काठावरचा बगळा थेट घरात येईल." मला बगळा घरात नको होता. मला अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात कढईपुढे उभी असलेली माणसं टिपायची होती. म्हणजे सगळा कारभार रात्रीचा.

दुकान इंदुरातलंच, बऱ्यापैकी मोठं. नाव लिहीत नाही. काउंटरवर दोन्हींचे डेमो पीस तारेनं बांधलेले; 740 चालू आणि जी7 एक्स बंद. "आंटी, इसकी बैटरी डाउन है, कल आ जाइए." गेले. तर चार्जर ज्याच्या ताब्यात, तो मुलगा जेवायला गेलेला. पुन्हा गेले, तेव्हा चार्जर होता, पण मोकळा पॉइंट नव्हता. होता त्यावर स्पीकर लावलेला आणि स्पीकर काढला तर मालक रागावतात. दर खेपेला 740 चं गुणगान मात्र पहिल्यापासून. "इसमें मेगापिक्सल भी ज़्यादा है!" तेही खोटं नव्हतं म्हणा. 20.3 विरुद्ध 20.1. एवढ्या फरकावर कुणी कॅमेरा निवडत असेल तर त्याला माझा नमस्कार.

माझा पारा चढला तो एका शनिवारी. त्या पोराला म्हटलं, चालू आहे त्याची बॅटरी काढून याच्यात घाल. म्हणे, "नहीं आंटी, हर मॉडल की अलग आती है." काढून तर दाखव. मोठ्या नाखुशीनं त्यानं 740 चं खालचं झाकण सरकवलं. बॅटरीवर बारीक अक्षरात एनबी-13एल. मग बंद पडलेल्याची काढायला लावली. त्यावरही एनबी-13एल! घातली, बटण दाबलं, लेन्स सुर्रकन बाहेर आली. "अरे, लग गई," पोरगा म्हणाला, जणू त्यानंच शोध लावला. म्हणजे मला हेलपाटे घालायला लावणाऱ्यांची चार्ज झालेली बॅटरी वीतभर अंतरावर पडून होती. आजही त्या रस्त्यानं जाताना माझं डोकं फिरतं.

पण चालू होऊन उपयोग काय? दुकानात इतके दिवे की दोन्हींचे फोटो सारखेच झकास. बाहेर न्यायला मनाई. शेवटी मालकांना गाठलं, आधार कार्ड काउंटरवर ठेवलं आणि गोदामाकडे जाणाऱ्या जिन्यात दोन मिनिटं मागितली. त्यांनी तार सोडायला सांगितली. जिन्यात एकच पिवळा बल्ब आणि भिंतीवर विजेच्या मीटरांची रांग. बॅटरी एकच, म्हणून आधी एकानं फोटो काढला, मग अदलाबदल करून दुसऱ्यानं, त्याच पायरीवरून, झूम न करता. दोन्हींची लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात 24 मिलीमीटरपासूनच सुरू होते, त्यामुळे चौकट जवळपास तीच.

740 नं आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा जो आकडा वाढवतो तो; जितका मोठा तितका फोटो खरखरीत) 1600 घेतला, जी7 एक्सचं 500 वर भागलं. शटर उघडं राहण्याचा वेळ दोघांचा तेवढाच. कारण साधं आहे: 740 ची लेन्स जास्तीत जास्त एफ 3.3 पर्यंत उघडते, जी7 एक्सची 1.8 पर्यंत (हा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते), म्हणजे तिपटीहून जास्त प्रकाश आत. वर जी7 एक्सचा सेन्सर 13.2 बाय 8.8 मिलीमीटरचा, 740 च्या सेन्सरच्या साधारण चौपट क्षेत्रफळाचा. पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला तर जी7 एक्सच्या फोटोत मीटरचे आकडे नीट वाचता येत होते, 740 च्या फोटोत 3 कुठला नि 8 कुठला ते कळेना. माझा निकाल त्या जिन्यातच लागला.

हो, मेमरी कार्ड घरून स्वतःचं न्या. दोन्हींचे फोटो त्यावरच घेतले म्हणून रात्री लॅपटॉपवर दिरांना दाखवता आले. तेही गप्प झाले, पण मत बदललं नाही, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. सकाळच्या लख्ख उन्हात, लांबच्या पक्ष्यासाठी 4.2 पट झूम काय कामाचा? व्हिडिओ ज्यांना मुख्य आहे त्यांनीही बघून घ्या: 740 फोर-के काढतो, मार्क टू फुल एचडीवर थांबतो. उलट रॉ फाइल (नंतर हवी तशी सुधारता येणारी कच्ची फाइल) आणि टचस्क्रीन 740 मध्ये नाही. डोळा लावून बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, दोन्हींत नाही, तेव्हा दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही म्हणून कुरकुर करायची नाही.

घेतला त्याच दुकानातून, कारण मार्क टू तेव्हा त्यांच्याकडेच शिल्लक होता. डेमो पीस गळ्यात मारत होते, मी सीलबंद खोकं मागितलं. खोक्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा सिरियल नंबर जुळवला, तोच पक्क्या बिलावर लिहून घेतला आणि वॉरंटी भारतातली आहे ना तेही पाहिलं. मालक खूश होऊन पाउच फुकट देऊ लागले. म्हटलं, पाउच राहू द्या, एक जादा बॅटरी रास्त भावात लावा. कंपनीच्या मोजणीनं एका चार्जला 265 फोटो निघतात, आणि झांक्या पहाटेपर्यंत चालतात.