सोहमच्या पायांचं ऑपरेशन: चिपळूणहून मुंबईतल्या सिस्टरांच्या हॉस्पिटलात

सोहम माझा भाचा, आठ वर्षांचा. त्याला सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. बोलायला चुरचुरीत, पाढे तोंडपाठ, पण पायाच्या शिरा, म्हणजे स्नायू हाडांना जोडणारे दोर, आखडलेल्या. टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांवर घासत चवड्यांवर चालतो. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला आली होती, त्यातल्या डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आता नुसत्या मालिशीवर वेळ घालवू नका, मुलांच्या हाडांच्या डॉक्टरला दाखवा. त्याआधी एका खाजगी दवाखान्यात "वय वाढेल तसं सुटेल" हे ऐकण्यात मोलाची वर्षं गेली होती. सीपीत उलट होतं. हाडं वाढतात, आखडलेले स्नायू त्या वेगानं वाढत नाहीत, त्यामुळे ओढ वाढत जाते.

माझ्या शाळेतल्या वसईच्या सहकारी बाईंनी मुंबईतलं सिस्टरांचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनींचं, हॉस्पिटल सुचवलं. इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण "हे फक्त अपंग मुलांचं हॉस्पिटल का?" असं मलाही बरेच जण विचारतात. फक्त अपंग मुलांची ऑपरेशनं करणारी ख्रिस्ती धर्मादाय हॉस्पिटलं जगात आहेत. 'क्युअर' नावाची अमेरिकन संस्था 1996 साली स्थापन झाली, त्यांचं पहिलं हॉस्पिटल 1998 साली केनियात किजाबेला उघडलं. मुंबई-वसईकडची तऱ्हा वेगळी. इथली बांद्र्याचं होली फॅमिली, अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडवरचं होली स्पिरिट, वसईचं कार्डिनल ग्रेशस ही सर्वसाधारण हॉस्पिटलं आहेत. त्यात प्रसूतीपासून हृदयविकारापर्यंत सगळं चालतं. म्हणून जाण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: मुलांचे ऑर्थोपेडिक सर्जन कोणत्या वारी बसतात, आणि सीपीच्या मुलांची ऑपरेशनं ते स्वतः करतात का. दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर परळचं वाडिया हॉस्पिटल (1929 पासूनचं, फक्त मुलांसाठी) आणि हाजी अलीचं एसआरसीसी ही नावं हाताशी ठेवा. ही ख्रिस्ती संस्थांची नाहीत, पण आपल्याला मुलाचे पाय महत्त्वाचे.

प्रवासाचं सांगते. आम्ही रात्रीची कोकणकन्या घेतली. पहाटे दादरला उतरलं की रस्ते मोकळे असतात, हा मोठा फायदा. दादरला रिक्षा मिळत नाही, काळी-पिवळी टॅक्सी घ्यावी लागते. रिक्षा बांद्र्यापासून पुढे. मुलाला कडेवर घेऊन मध्य रेल्वेच्या फलाटावरून पश्चिमच्या फलाटावर पूल चढून जाण्यापेक्षा टॅक्सीचे पैसे सत्कारणी लागतात. लोकलनं जायचंच तर दिव्यांगांचा डबा असतो, प्रमाणपत्र जवळ ठेवा. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि त्याच्या एका सोबत्याला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत 75 टक्के सवलत मिळते. तिचा ठरावीक नमुन्यातला फॉर्म सरकारी डॉक्टरांच्या सहीनं आधी करून घ्यावा लागतो. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर त्याचा अर्जही त्याच फेरीत टाका.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. हॉस्पिटलात शिरलात की बिलिंगच्या खिडकीआधी मेडिकल सोशल वर्करची खोली गाठा, सवलतीची चौकशी तिथेच करायची. बहुतेक लोक अॅडमिट होतात, डिपॉझिट भरतात, बिल हातात आलं की रडत ऑफिसात जातात. तोवर उशीर झालेला असतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं 2006 साली ही योजना आखली गेली. हॉस्पिटल एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढतं, त्यातून हा खर्च भागतो. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आई-वडील आणि मूल तिघांची आधार कार्डं, झेरॉक्सच्या दोन-तीन प्रतींसह न्या. दाखला जुना असेल तर चिपळुणातच नवा काढा, मुंबईत बसून तो निघत नाही. खाट शिल्लक नाही असं उत्तर मिळालं तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात दाद मागता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आणि तुमचं ऑपरेशन दोन्ही बसतात का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, वेगळं विचारा. पैसे तरीही कमी पडले तर हॉस्पिटलकडून खर्चाचं अंदाजपत्रक लेटरहेडवर घ्या. मुख्यमंत्री सहाय्यता निधी असो की सिद्धिविनायक न्यासाची वैद्यकीय मदत, सगळीकडे तोच कागद पहिल्यांदा मागतात.

आमच्या सोशल वर्कर सिस्टर होत्या, मूळच्या वसईकडच्या, घरी मराठीच बोलणाऱ्या. मला वाटलं उत्पन्नावरून चौकशी होईल. त्यांनी वहिनीला विचारलं, "ताई, संडास घरात आहे की बाहेर? कमोड आहे का? शाळेला किती पायऱ्या? शेतीच्या दिवसांत याचा व्यायाम कोण घेणार?" वहिनी आधी बुजली, मग भडाभडा बोलायला लागली. घरच्या पडवीची उंची, पावसाळ्यात चिखल होणारी पाखाडी (पायऱ्यांची वाट), सासूबाईंची कंबर, सगळं. सिस्टरांनी ते एका कागदावर उतरवलं आणि तो कागद सर्जनच्या फाइलला लावला. सर्जननी तो वाचला, आणि भाताची लावणी आटोपल्यानंतरची तारीख दिली. मिशन हॉस्पिटलांबद्दल माझ्या मनात आदर होताच, आपल्याकडे मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासूनची ती परंपरा आहे. पण तो आदर खरा पक्का झाला तो या कागदामुळे.

धर्माबद्दल गावातल्या दोघातिघांनी शंका काढली होती, म्हणून सांगते. ऑपरेशनच्या सकाळी एक सिस्टर आल्या, "प्रार्थना केली तर चालेल का?" असं विचारून डोक्यावर हात ठेवून दोन ओळी मराठीत म्हणाल्या. आईनं दिलेला अंगारा वहिनीनं त्याच्या कपाळाला लावला होता, तो कुणी पुसला नाही. याच्या पलीकडे काही नाही.

ऑपरेशनआधी सर्जनला खुब्याच्या एक्स-रेबद्दल जरूर विचारा. सीपीच्या मुलांचा खुबा दुखल्याशिवाय हळूहळू निसटतो, बाहेरून कळत नाही. आणि सगळ्या जागांची ऑपरेशनं एकाच वेळी होतील का, तेही विचारा. दरवर्षी एक शीर सोडवण्यापेक्षा मुलाला एकदाच भूल आणि एकदाच प्लास्टर बरं. सोहमच्या टाचेमागची आणि गुडघ्यामागची शीर दोन्ही पायांत एकाच दिवशी लांबवली. भुलीआधी सहा तास खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. फिटची गोळी चालू असेल तर त्या सकाळी द्यायची की नाही हे भूलतज्ज्ञांकडून स्पष्ट करून घ्या. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे जाते, म्हणून आधीचा आठवडा लग्नकार्यं टाळा.

पहिल्या दोन रात्री कठीण. सीपीत ऑपरेशननंतर स्नायूंना झटके येतात, मूल झोपेतून किंचाळत उठतं. त्यासाठी वेगळं औषध असतं, नुसत्या दुखण्याच्या गोळीनं भागत नाही. नर्सला उठवायला संकोच करू नका. प्लास्टरमधून दिसणाऱ्या बोटांचा रंग बघत राहा, निळी, पांढरी किंवा गार लागली तर लगेच सांगा. खाज सुटली म्हणून पट्टी किंवा सुई आत घालू नका.

प्लास्टर काढायच्या दिवशी सोहम करवतीचा आवाज ऐकून वहिनीच्या पोटात तोंड खुपसून बसला. प्लास्टर कापणाऱ्या दादांनी करवत चालू केली आणि पातं सरळ स्वतःच्या तळहाताला लावलं. ते पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, त्यामुळे कडक प्लास्टर कापतं पण मऊ कातडी बरोबर हलते. मग त्यांनी सोहमचा हात धरून त्याच्या नखाला लावून दाखवलं. "गुदगुल्या होतायत," म्हणाला. दुसऱ्या पायाच्या वेळी स्वतःच पाय पुढे केला.

राहण्याचं थोडक्यात. परळ-दादरला उपचार असतील तर गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. उपनगरात तशी सोय कमी, म्हणून सोशल वर्करलाच जवळच्या खोल्यांचं विचारा. आम्ही गोरेगावला चुलत मावशीकडे राहिलो. तपासणीच्या एका फेरीत बांद्र्याला मोत माऊलीला (माउंट मेरी चर्चला) गेलो, तिथल्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं विकायला असतात. वहिनीनं एक पाय घेऊन वाहिला.

परतीसाठी खालचा बर्थ आधीच बघा. प्लास्टरला पाणी लागता कामा नये, पावसाळा असेल तर जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी बॅगेत ठेवा.

प्लास्टरनंतर एएफओ येतात, म्हणजे पोटरीपासून तळव्यापर्यंतचे प्लास्टिकचे स्प्लिंट. ऑपरेशनचा फायदा टिकतो तो यांच्यामुळे आणि रोजच्या ताणाच्या व्यायामामुळे. हे सोडलं तर शिरा पुन्हा आखडतात. पाय वाढला की स्प्लिंट लहान होतो, तेव्हा टाच आत नीट बसते का हे दर महिन्याला बघा, कातडीवर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ढिला करून घ्या. प्रत्येक दुरुस्तीसाठी मुंबई गाठणं परवडत नाही. म्हणून डिस्चार्जच्या वेळी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम मोबाइलवर शूट करून घ्या, तुमच्याच मुलावर, तुमच्याच हातांनी करून. आमच्या जिल्ह्याच्या फिजिओनी तो व्हिडिओ बघूनच पुढचं काम सुरू केलं. सोहम सध्या वॉकर धरून पाखाडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत जातो. पुढच्या तपासणीला सर्जन वॉकरऐवजी काठी द्यायची का ते ठरवतील.