शब्द पाठ होते, वाक्य जमत नव्हतं

गोव्यात माझ्यासारख्या मुलांचं इंग्रजीशी नातं जरा विचित्र असतं. सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी, आणि पाचवीत गेलं की इतिहास, विज्ञान, गणित सगळं एकदम इंग्रजीतून. घरी पेडण्याची बोली, आरती-कीर्तनात आणि वर्तमानपत्रात मराठी, बाजारात कोकणी. इंग्रजी तेवढं पुस्तकात. मग ते बोलायचं-लिहायचं राहून जातं आणि शब्दार्थ पाठ होतात. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी अर्थ. बी.ए. होईपर्यंत माझं या चिन्हावर निभावलं.

२०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळ सुरू झाला. त्यानंतरच्या सीझनला मांद्रेच्या एका हॉटेलात मला रिझर्व्हेशनचं काम मिळालं. विदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म (तेव्हा त्याला फॉर्म सी म्हणायचे) ऑनलाइन भरायचा असतो. ते सोपं, रकाने ठरलेले. घाम फुटायचा तो ई-मेलना उत्तरं देताना. शब्द डोक्यात हजर असायचा, पण त्याच्यापुढे टू लावायचं, फॉर लावायचं, विथ लावायचं की काहीच नाही, हे माझ्या वहीतलं बरोबरचं चिन्ह सांगत नव्हतं. शिवाय माझ्या जुन्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘कॉम्प्लिमेंटरी’चा अर्थ होता प्रशंसापर. आमच्याकडे ब्रेकफास्ट कॉम्प्लिमेंटरी असतो. पाहुण्यांची प्रशंसा करणारे इडली-सांबार!

फ्रंट ऑफिसला मडगावच्या एक बाई होत्या, या धंद्यात मुरलेल्या. माझी वही चाळून त्या म्हणाल्या, “मराठी सोड गो. इंग्लिश-इंग्लिश पळय.” म्हणजे, शब्दाचा अर्थही इंग्रजीतच सांगणारा कोश बघ. मला ते पटलं नव्हतं. एक शब्द अडला म्हणून बघायला जावं आणि त्याच्या व्याख्येत आणखी तीन अडावेत, हा अनुभव शाळेत घेऊन झाला होता. पण शाळेच्या कपाटातला तो कोश इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेला होता, आणि शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश निराळे असतात, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

ते कळलं पणजीला, पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात. पावसाळ्यात हॉटेलं ओस असतात, सुट्टीही सहज मिळते. संदर्भ विभागात बसून मी तीन-चार कोश शेजारी शेजारी उघडले आणि एकच शब्द सगळ्यांत पाहिला. कोश विकत घेण्याआधी हे प्रत्येकानं करावं असं माझं मत आहे. लाँगमनच्या कोशात १९७८ पासून सगळ्या व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांत लिहिलेल्या असतात, म्हणजे तेवढे शब्द येत असले की कुठलीही व्याख्या वाचता येते. कोबिल्ड हा १९८७ चा. त्यातली व्याख्या म्हणजे आख्खं वाक्यच असतं, ‘तुम्ही एखादी गोष्ट अशी अशी केलीत तर...’ या थाटाचं. शब्द कसा वापरायचा ते व्याख्या वाचतानाच दिसतं. ऑक्सफर्डच्या कोशाचं मूळ तर जपानात आहे. हॉर्नबी तिथं इंग्रजी शिकवत होते. परक्या विद्यार्थ्यांची गाडी क्रियापदाच्या पुढे अडते हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली तिथंच छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. हे वाचल्यावर मला बरं वाटलं. अडणारी मी एकटी नव्हते तर.

मी ऑक्सफर्ड घेतला, सेकंडहँड, आणि पहिले काही दिवस शब्द न बघता सुरुवातीची खुणांची पानं वाचली. ही पानं कुणी वाचत नाही आणि खरा माल तिथंच असतो. नामापुढे सी असेल तर ते मोजता येतं, यू असेल तर नाही. म्हणून ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘लगेज’, ‘फर्निचर’ यांना शेवटी एस लागत नाही. वाक्प्रयोगात एसटीएच म्हणजे समथिंग, एसबी म्हणजे समबडी. ‘डिस्कस’पुढे सरळ एसटीएच दिसतं, मधे अबाउट नाही. आपण मराठीत एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून हात अबाउटकडे जातो. ‘अपॉलॉजाइज’ला टू माणसासाठी आणि फॉर कारणासाठी, हॉटेलात या एका शब्दावर माझा अर्धा दिवस चालतो. ‘पिक अप’च्या मधे एसबी लिहिलेलं असतं, म्हणून गाडी मोपाला गेली की ‘पिक देम अप’ म्हणायचं, ‘पिक अप देम’ नाही. आणि ‘लुक फॉरवर्ड टू’नंतर क्रियापद आलं तर ते आयएनजीवालंच.

पण कोशातली उदाहरणं डोक्यात राहत नव्हती. त्यांतली माणसं माझ्या ओळखीची नव्हती आणि त्यांचे प्रश्नही माझे नव्हते. मग मी एक रीत धरली: वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा ठेवायचा, माणसं आणि जागा आपल्या घालायच्या. ‘बाबा डिस्कस्ड द लोन विथ काका.’ ‘वी पुट ऑफ द ट्रिप टू वाळपई बिकॉज ऑफ द रेन.’ ‘आजी कॅन्ट पुट अप विथ द नेबर्स डॉग.’ शेवटचं तर इतकं खरं आहे की विसरणं शक्यच नाही. सांगाड्याला हात लावायचा नाही, हे पथ्य मात्र कडक. तिथं आपली कल्पनाशक्ती चालवली की मराठी वाक्यच इंग्रजी कपडे घालून येतं. लिहिलेली वाक्यं मी बाईंना दाखवायचे. त्या हसायच्या, पण तपासून द्यायच्या.

मराठी अर्थ अजिबात लिहायचा नाही, हा नियम मी थोडे दिवस पाळून सोडून दिला. ‘टॅमरिंड’ची व्याख्या वाचत बसण्यात काय हशील? चिंच लिहावं आणि पुढे जावं. झाडं, मासे, आजार, हत्यारं यांना मराठी शब्द पुरतो. क्रियापदं, विशेषणं आणि ते छळवादी वाक्प्रयोग यांना व्याख्या हवी.

उजळणीसाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं केली. पुढच्या बाजूला व्याख्या आणि गाळलेल्या जागेचं माझं वाक्य, मागे उत्तर. लाइटनर नावाच्या जर्मन माणसानं सत्तरच्या दशकात प्रसिद्ध केलेली कप्प्यांची पद्धत आहे: उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, तो जास्त दिवसांनी उघडायचा, चुकलं की परत पहिल्यात. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे उभे करून कप्पे केले. पहिल्या कप्प्यातली कार्डं पर्समध्ये घालून कदंबाच्या बसमध्ये बघायचे, बसायला जागा मिळाली तर.

रोज एक भारदस्त शब्द, असले मेसेज फोनवर येतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही. असा शब्द पाहुण्याला लिहिला तर तो घाबरेल. माझ्या खोक्यात सगळ्यात जास्त कार्डं गेट, पुट, टेक, रन यांचीच आहेत, आणि ती अजून संपलेली नाहीत. कोशात ‘गेट’ला पानंच्या पानं दिलेली आहेत.

ई-मेल आता मी कुणाला न दाखवता पाठवते. फोनचं मात्र वेगळं प्रकरण आहे. परवा एक स्कॉटिश पाहुणा बोलत होता. तो जे म्हणत होता त्यातला एकूण एक शब्द माझ्या कार्डांवर असेल, पण कानाला एकही ओळखीचा वाटला नाही. कोशाच्या वेबसाइटवर उच्चार ऐकते, पण तिथली बाई सावकाश आणि स्वच्छ बोलते, पाहुणे तसं बोलत नाहीत. तूर्त बाईंनी दिलेलं एक वाक्य कामाला येतंय, ‘कुड यू पुट दॅट इन अ‍ॅन ई-मेल, प्लीज?’